वाईट बातमी लवकर कळू दे

अगं, लीड झालीस त्याबद्दल पुन्हा एकदा मनापासून अभिनंदन. तुझा तो लांबलचक मेसेज नीट वाचला. स्क्रम ठेवू की कानबान, स्प्रिंट दोन आठवड्यांचा की तीन, जिराचा बोर्ड कसा लावू, स्टँड-अप सकाळी घेऊ की जेवणानंतर, असं सगळं विचारलंस. विचारायलाच हवं. पण हे सगळं तू महिनाभरात आपलं आपण बसवशील, आणि चुकलं तर बदलताही येईल. मला तुझ्याशी त्याच्या आधीचं बोलायचंय.

मी कुठल्याही नव्या टीममध्ये गेले की एकच गोष्ट बघते. खाली टपरीवर जे सगळ्यांना माहीत असतं, ते वर मीटिंगमध्ये यायला किती दिवस लागतात?

हिंजवडीत, बाणेरला, खराडीला, कुठल्याही बिल्डिंगखाली चारच्या चहाला उभी राहा. कटिंग हातात घेऊन पोरं सांगत असतात, "पेमेंटचं वीस तारखेला होत नाही रे. बँकेकडून टेस्टिंगचं अकाउंटच आलेलं नाही अजून." पाच मिनिटांनी तीच पोरं लिफ्टने वर जातात, स्टेटस कॉल सुरू होतो, आणि पेमेंटच्या रकान्यात हिरवा रंग. त्यातलं कुणीही लबाड नसतं. एकाला वाटतं, दुसरा सांगेल. दुसऱ्याला वाटतं, अजून आठवडा आहे, तोवर होईल. मग "होत नाही"चं लीडकडे जाईपर्यंत "थोडं टाइट आहे" होतं, मॅनेजरकडे "ऑन ट्रॅक, थोडी रिस्क आहे" होतं, आणि रात्री नऊच्या कॉलवर अमेरिकेतल्या साहेबांना नुसतंच "ऑन ट्रॅक" ऐकू येतं. एकोणीस तारखेला सगळे एकदम दचकतात. ज्या टीममध्ये टपरीवरची गोष्ट त्याच दिवशी मीटिंगमध्ये येते, ती टीम चांगली काम करते. तिथली माणसं फार हुशार नसली तरी चालतं. हे मी अनेक टीममध्ये पाहिलंय आणि माझा त्यावर पक्का विश्वास आहे.

हा फक्त माझा अनुभव आहे असं समजू नकोस. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंग टीमचा अभ्यास केला होता. औषध देताना कुठे किती चुका होतात, ते त्या मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटेच आले, चांगल्या टीमच्या चुका जास्त. खोलात गेल्यावर कळलं, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, बोलल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या झाकल्या जायच्या. त्यावरून पुढे १९९९ मध्ये त्यांनी मानसिक सुरक्षिततेवरचा तो गाजलेला निबंध लिहिला. २०१२ मध्ये गूगलने आपल्याच १८० टीमचा अभ्यास सुरू केला, प्रोजेक्ट ॲरिस्टॉटल नावाचा. कोणत्या कॉलेजची माणसं एकत्र आणली, किती अंतर्मुख, किती बडबडी, सगळं ताडून पाहिलं. त्यात काही सापडेना. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात याने फरक पडत होता, आणि त्यातही सगळ्यात वर हीच गोष्ट होती: इथे बोललो तर आपली शोभा होणार नाही, हा भरवसा.

आपल्याकडे हे जरा जास्त अवघड आहे, हे मनात ठेव. मोठ्यांसमोर उलट बोलायचं नाही, हे आपण घरातून शिकून आलेलो असतो. तुझ्या टीममधला तो नांदेडचा मुलगा, ज्याचं तू इतकं कौतुक करत होतीस, तो कॉलवर गप्प असतो म्हणालीस ना? त्याचा कोड बघ, रिव्ह्यूमधल्या त्याच्या कॉमेंट बघ. त्याला दिसतं सगळं. सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलायचं म्हटलं की त्याचं वाक्य तोंडातच अडतं, तेवढ्यात विषय पुढे गेलेला असतो. टीममधल्या सगळ्यांना कळत असेल तर त्याला मराठीत बोलू दे, हिंदीत बोलू दे. नाहीतर स्टँड-अपच्या आधी दोन ओळी लिहून टाकायला सांग. आणि "काही अडचण आहे का?" असं विचारू नकोस, त्याला उत्तर "नाही मॅडम" हेच येतं. "या कामात सगळ्यात जास्त कशाची भीती वाटतेय?" असं विचार. मग माणूस थांबतो, विचार करतो आणि खरं सांगतो.

आणि तो खरं सांगेल, त्या क्षणी तुझ्या तोंडून जे पहिलं वाक्य येईल, त्याला तुझ्या सगळ्या प्रोसेसपेक्षा जास्त किंमत आहे. बहुतेकांच्या तोंडून येतं, "हे आधी का नाही सांगितलंस?" प्रश्न रास्त आहे. पण तो खोलीतल्या आठही जणांना ऐकू जातो, आणि पुढच्या वेळी आठही जण आधी पुरेपूर खात्री करून, सगळं जमवून, मगच बोलतात. म्हणजे उशिराच बोलतात. तू म्हण, "बरं झालं सांगितलंस. आत्ता आपल्याला नक्की काय काय माहीत आहे?" आणि आवाजही तसाच ठेव, नुसते शब्द बदलून भागत नाही. आधी का कळलं नाही, हा प्रश्न नंतर शांतपणे घ्यायचा, आणि तो माणसाला विचारायचा नाही. आपल्या कामाच्या रीतीत कुठे फट होती, ते सगळ्यांनी मिळून शोधायचं.

गिटलॅब कंपनीचं प्रकरण तुला ऐकून माहीत असेल, पण तपशिलात वाच कधीतरी. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. त्यांच्या डेटाबेसवर ताण आला होता, दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत मागे पडली होती. दिवस संपवून उठायच्या बेतात असलेला एक इंजिनीअर ती प्रत पुसून नव्याने बसवायला निघाला, आणि पुसायची कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं. तेवढ्यात सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला लागले. पाच प्रकारची सोय होती, त्यातली एकही धड चालेना. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण तो घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. तो फसल्याची सूचना मेलने जायची, पण ते मेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. म्हणजे बातमी रोज निघत होती आणि कुणालाच मिळत नव्हती. वाचवलं कशाने, तर त्याच इंजिनीअरने वेगळ्या कामासाठी साधारण सहा तास आधी हाताने घेऊन ठेवलेल्या एका प्रतीने. सहा तासांचा डेटा गेला.

त्या रात्री त्यांनी काय केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. काय घडलं आणि काय करतोय, ते सगळ्या जगाला दिसेल अशा कागदावर लिहीत गेले. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. अहवालात त्या इंजिनीअरचं नाव दिलं नाही, तिथे तो "टीम मेंबर १" एवढाच आहे. चौकशीत तू असं कसं केलंस, यावर कुणी अडून बसलं नाही. बॅकअप नीट होतोय की नाही हे बघणं नेमकं कुणाचं काम होतं, हे शोधलं, आणि ते कुणाचंच नव्हतं असं निघालं. आता विचार कर, तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून काही लपवेल का? आणि त्याच्या शेजारचे?

याच्या उलट नाइट कॅपिटल. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणारी मोठी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला, त्यावरचा जुना कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. बाजार उघडायच्या आधी त्यांच्या सिस्टीमने ९७ मेल पाठवले होते. नेमकं काय बिघडलंय, तेही त्यात लिहिलेलं होतं. पण त्या मेलकडे इशारा म्हणून बघायची कुणाला सवयच नव्हती. तुझ्या टीमच्या अलर्टच्या चॅनेलवर आज किती न वाचलेले मेसेज आहेत, ते जरा बघ. शंभरातले नव्वद बिनकामाचे असतील तर उरलेले दहासुद्धा कुणी वाचत नसणार. बिनकामाचे बंद करणं हे लीडचं काम आहे, आणि ते या आठवड्यातच कर.

वाईट बातमी लवकर यायची तर ती छोटीही असावी लागते. तुमच्या जुन्या कंपनीत तीन महिन्यांतून एक रिलीज व्हायचा. शुक्रवारी रात्री सगळे थांबायचे, पिझ्झा यायचा, पहाटेपर्यंत रोलबॅक करायचा की नाही यावर वाद. तीन महिन्यांचं काम एकदम गेलं, की त्यातलं काय बिघडलं ते शोधणार कसं? नव्या टीममध्ये जितकं लहान तितकं बरं. चार हजार ओळींचा बदल रिव्ह्यूला आला की माणूस वरवर चाळतो आणि "ठीक आहे" म्हणतो. चाळीस ओळींचा आला की सहा शंका काढतो. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांचं ॲक्सिलरेट नावाचं पुस्तक आहे, २०१८ चं. हजारो लोकांची माहिती घेऊन त्यांनी दाखवलं, की ज्या टीम वारंवार रिलीज करतात त्यांच्याकडे बिघाडाचं प्रमाणही कमी असतं आणि बिघडलेलं त्या लवकर सावरतात. "सावकाश करू म्हणजे सुरक्षित राहील" असं सांगणारे तुला वरचे पुष्कळ भेटतील, तेव्हा हे पुस्तक हाताशी असू दे.

आता मोजमापाबद्दल. अप्रेझलच्या काळात कुणीतरी येईल आणि म्हणेल, प्रत्येक डेव्हलपरच्या नावावर किती बग ते काढा. काढू नकोस. ज्या दिवशी बगची गणती पगाराला जोडली जाते, त्या दिवसापासून टेस्टर आणि डेव्हलपर यांच्यात "हा बग नाही, हा चेंज रिक्वेस्ट आहे" अशी वकिली सुरू होते. बग तसाच राहतो, त्याचं नाव बदलतं आणि तो यादीतून गायब होतो. स्टोरी पॉइंटचंही तेच. टीमला आपल्यापुरता अंदाज बांधायला ते चांगले आहेत. टार्गेट म्हणून लावले की तीनच्या कामाला पाच लिहिले जातात, आणि कामाचा खरा अंदाज सांगणारं तुझं एकमेव साधन निकामी होतं.

टेस्टर वेगळ्या मजल्यावर बसतात म्हणालीस. त्यांना आपल्यात आणून बसव, जमेल तितक्या लवकर. मेल्विन कॉनवे नावाच्या प्रोग्रॅमरने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय, की माणसांची वाटणी जशी, तशीच त्यांनी बनवलेल्या सिस्टीमची ठेवण होते. जिथे तुमच्या लोकांचं एकमेकांशी बोलणं तुटतं, नेमके तिथेच बग निघतात.

हे झालं काम कसं चाललंय याबद्दल. सगळ्यात मोठी वाईट बातमी मात्र वेगळी असते, आणि सर्व्हिस कंपनीतून आलेल्या माणसाला ती ऐकायची सवयच नसते. ती म्हणजे, आपण जे बनवलं ते कुणालाच नकोय. सर्व्हिसमध्ये क्लायंटने मागितलं, आपण दिलं, त्याने सही केली, तिकीट बंद. पुढे कुणी वापरलं की नाही, हा आपला प्रश्न नसायचा. प्रॉडक्ट कंपनीत खरं काम तिथेच सुरू होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉनी कोहावी यांच्या टीमने नव्या कल्पना निम्म्या लोकांना दाखवून, निम्म्यांना न दाखवता मोजल्या. हुशार लोकांनी विचार करून आणलेल्या त्या कल्पनांतल्या साधारण एक तृतीयांशच कल्पनांनी हवा तो फायदा करून दिला. बाकीच्यांनी काहीच फरक पडला नाही किंवा नुकसान झालं. आपल्याही तीन कल्पनांतल्या दोन फुकट जाणार, हे धरूनच चालायचं. त्या कोणत्या, हे सहा महिन्यांऐवजी सहा दिवसांत कसं कळेल, एवढंच बघायचं.

मागे मी एका टीममध्ये होते, किराणा दुकानदारांसाठी बिलाचं ॲप होतं आमचं. रिपोर्टमध्ये दिसायचं की बऱ्याच दुकानांची विक्री रात्री नऊ ते दहामध्येच होते. त्यावरून प्रॉडक्टवाल्यांनी रात्रीच्या गिऱ्हाइकासाठी ऑफरचं एक मोठं फीचर ठरवलं, डिझाइन झालं, एस्टिमेटसुद्धा झालं. तेवढ्यात एक डेव्हलपर मुलगी रविवार पेठेतल्या एका दुकानात दिवसभर बसून आली. दुकानदार काका एका हाताने तराजू बघत, दुसऱ्या हाताने पुडी बांधत, तोंडाने उधारीवाल्याला टोकत. फोन गल्ल्याखाली. बिलं पाठकोऱ्या कागदांवर. रात्री शटर अर्धं खाली ओढलं की काकू ते सगळे कागद घेऊन बसायच्या आणि एकेक ॲपमध्ये भरायच्या. नऊ ते दहा! ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली आणि स्टँड-अपमध्ये सरळ म्हणाली, "ते फीचर करू नका. रात्री गिऱ्हाईक नसतंच, रात्री काकू असतात." ठरवलेलं काम रद्द झालं, आणि त्याऐवजी एका हाताने, दोन टॅपमध्ये उधारी टिपता येईल असा छोटा स्क्रीन केला. तो भर दुपारीही वापरला जायला लागला.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, दुकानात जाऊन बसलेली मुलगी डेव्हलपर होती. सगळा संबंध प्रॉडक्ट मॅनेजरमार्फत आला असता तर तिला फक्त "बिल एंट्री सोपी करा" असं तिकीट मिळालं असतं. तुझ्या टीममधल्या प्रत्येकाला महिन्यातून एकदा तरी सपोर्टचे कॉल ऐकायला बसव, जमेल तेव्हा प्रत्यक्ष पाठव. दुसरी गोष्ट, ती टीममध्ये सगळ्यात नवीन होती आणि तरी तिचं म्हणणं टिकलं. असं म्हणणं टिकावं म्हणून कधीकधी नियमच करावा लागतो. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आरोग्यविम्याची सरकारी वेबसाइट उघडली, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त ६ जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. कितीतरी कंत्राटदार, आणि सगळ्याची मिळून जबाबदारी कुणाचीच नाही. दुरुस्तीला बाहेरून माणसं बोलावली, त्यात गूगलमधून रजा घेऊन आलेले मायकी डिकरसन होते. त्यांनी बैठकीसाठी नियम लावले. दोष कुणाचा, ही चर्चा इथे नको, आणि ज्याला त्या विषयाचं सगळ्यात जास्त माहीत आहे तो बोलेल, हुद्द्याने मोठा नाही. तीच साइट दोन महिन्यांत बऱ्यापैकी चालायला लागली. तुझ्या खोलीत तूच हुद्द्याने मोठी आहेस. म्हणून तुझं मत शेवटी सांगत जा. आधी सांगितलंस की बाकीचे त्यावर माना डोलावतील.

एक गोष्ट बहीण म्हणून सांगते. रात्री दोनपर्यंत बसून सर्व्हर उभा करणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक होतं, आणि व्हायला हवं. पण तुझ्याकडे जी साडेसहाला पोरीला पाळणाघरातून आणायला निघते, जिच्या कामामुळे वर्षभरात एकदाही कुणाला रात्री उठावं लागलं नाही, तिचंही नाव घे. तिच्या टेस्ट, तिचं लिहून ठेवणं, तिने वेळेवर सांगितलेली "हे मला पटत नाही, परत बघू या" ही गोष्ट, यांचा आवाज होत नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हे तू लिहिलं नाहीस तर दुसरं कुणीही लिहिणार नाही. अशा बायका मी टीममधून गुपचूप निघून जाताना पाहिल्यात, आणि त्या गेल्यावर तीन महिन्यांनी रात्रीचे फोन सुरू झालेलेही पाहिलेत.

बरं, काल फोन ठेवता ठेवता म्हणालीस की तुमचाही वीस तारखेचा रिलीज पेमेंटपायी मागे पडलाय म्हणून मॅनेजर बेंचवरची दोन माणसं देतोय. घेऊ नकोस. निदान या रिलीजसाठी तरी नको. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० चं प्रचंड काम सांभाळलं आणि १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आधीच उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे त्यांनी त्यात मांडलंय. हिशेब सोपा आहे. आठ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात २८, दहा जणांत ४५. शिवाय नव्या दोघांना शिकवायला तुझी सगळ्यात जाणती दोन माणसं पंधरा दिवस अडकणार, आणि आत्ता तुला हवीत ती नेमकी तीच. त्या दोघांना पुढच्या महिन्यात घे, नीट शिकवून, बेताने.

मॅनेजरला आजच मेल टाक, सोमवारच्या रिव्ह्यूची वाट बघू नकोस. चार ओळी पुरेत. वीस तारखेला पेमेंट होणार नाही. लॉगिन, कॅटलॉग आणि ऑर्डर होईल. पेमेंटला बँकेचं टेस्टिंगचं अकाउंट मिळाल्यापासून दहा दिवस लागतील. माणसं नकोत, त्याऐवजी ते अकाउंट मिळवण्यासाठी बँकेत वरच्या कुणाला तरी तुमचा एक फोन जायला हवा. खाली टीममधल्या सगळ्यांना सीसी कर, म्हणजे त्यांनाही कळेल की हे असं लिहिता येतं.